उंदराने दांडी का दाबली?

तंबाखूच्या पुडीचा ८५ टक्के भाग रोगाच्या चित्राने आणि इशाऱ्याने व्यापलेला असतो. पुडी फोडणाऱ्याला तो दिसत नाही असे नाही. तळहातावर चिमूट घेऊन, चुना लावून अंगठ्याने मळतानाही परिणाम त्याला ठाऊक असतात. विचारले तर तो ते घडाघडा सांगतो. अशा वेळी आपण ‘कळतं पण वळत नाही’ म्हणतो आणि सगळा दोष त्याच्या दुबळ्या मनावर टाकून मोकळे होतो. निकोटिनचे व्यसन हा वेगळा आणि मोठा विषय आहे, पण कळूनही न वळणे व्यसनाच्या बाहेरही सर्रास दिसते. मेंदूविज्ञानाने गेल्या चार दशकांत गोळा केलेला पुरावा पाहिला, तर हा दोषारोप मला अन्यायाचा वाटतो. परिणाम माहीत असणे आणि त्या माहितीच्या हाती कृतीची दोरी असणे, या मेंदूतल्या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

हा फरक मोजण्याची युक्ती ख्रिस्तोफर अॅडम्स आणि अँथनी डिकिन्सन या केंब्रिजच्या मानसशास्त्रज्ञांनी १९८१ साली दाखवली. उंदीर दांडी दाबतो आणि त्याला साखरेची गोळी मिळते. तो दांडी का दाबतो? गोळी हवी म्हणून, की दांडी दिसली की दाबायची एवढेच अंगवळणी पडले म्हणून? बाहेरून दोन्ही कृती सारख्याच दिसतात. म्हणून त्यांनी दांडी बाजूला ठेवून उंदरांना गोळ्या खाऊ घातल्या आणि पाठोपाठ लिथियम क्लोराइड टोचले. त्याने मळमळते, आणि उंदरांच्या मनातून ती गोळी उतरली. मग दांडी पुन्हा समोर आणली, पण आता ती दाबून काहीच मिळत नव्हते. उंदराला जे ठरवायचे ते आठवणीवरूनच ठरवायचे होते. थोडाच सराव झालेल्या उंदरांनी दांडी दाबणे बरेच कमी केले. म्हणजे या दांडीतून काय मिळते आणि ते आता आपल्याला नको आहे, या दोन गोष्टींची सांगड त्यांनी स्वतः घातली. पुढच्या प्रयोगांत दीर्घ सराव झालेले उंदीर मात्र नकोशा गोळीची दांडी दाबतच राहिले. फळाची किंमत बदलली की जी कृती बदलते तीच हेतुपूर्वक, असा साधा आणि कडक निकष यातून हाती आला.

या दोन प्रकारांच्या वाटाही मेंदूत वेगळ्या आहेत. मेंदूच्या आत खोलवर स्ट्रायटम नावाचा भाग असतो. २००४-०५च्या सुमारास बर्नार्ड बॅलिन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी उंदरांत असे दाखवले की, त्याच्या वरच्या भागाची बाहेरची बाजू निकामी केली तर भरपूर सरावानंतरही कृती सवयीची होत नाही. आतली बाजू निकामी केली तर थोड्या सरावानंतरही फळाची किंमत उंदराच्या हिशेबात येत नाही. मेंदू एक आहे, पण त्यात कारभारी दोन आहेत, आणि कोणत्या वेळी कोणाची सही चालेल हे सराव, वेळ आणि परिस्थिती यांवर ठरते.

यातला हेतूने चालणारा कारभारी अधिक कष्टाचे काम करतो. त्याला अजून न घडलेली गोष्ट आधी डोळ्यांसमोर उभी करावी लागते. एडवर्ड टोलमन यांनी १९४८ साली, उंदरांच्या डोक्यात भूलभुलैयाचा नकाशा असतो, असे मांडले तेव्हा अनेकांना ते अतिशयोक्त वाटले होते. दोन वाटा फुटतात तिथे उंदीर थबकतो, इकडे बघतो, तिकडे बघतो, हे त्यांनी नोंदवले होते. २००७ साली अॅडम जॉन्सन आणि डेव्हिड रेडिश यांनी त्या थबकण्याच्या क्षणी उंदराच्या हिप्पोकॅम्पसमधल्या पेशी टिपल्या. उंदीर जागच्या जागी उभा होता आणि पुढच्या जागा दाखवणाऱ्या पेशी ओळीने जाग्या होत होत्या, आधी एका वाटेच्या, मग दुसऱ्या वाटेच्या. आठवणी साठवणारा हा भाग पाऊल टाकण्याआधी पुढची वाट चालून पाहत होता. मला या साऱ्या संशोधनात याहून सुंदर निरीक्षण दिसत नाही.

नुसती वाट दिसून भागत नाही. तिच्या टोकाला असलेल्या गोष्टीची आज, आत्ता किती किंमत आहे हेही ठरवावे लागते. त्यात डोळ्यांच्या खोबणीवरच्या ऑर्बिटोफ्रंटल कॉर्टेक्सचा मोठा वाटा असतो. आवडत्या पेयाचा एक थेंब की कमी आवडत्याचे जास्त थेंब, अशी निवड माकडांपुढे ठेवून कॅमिलो पाडोआ-शिओप्पा आणि जॉन असद यांनी २००६ साली दाखवले की, इथल्या काही पेशी त्या माकडाच्या लेखी असलेली किंमत मोजतात. निर्णयात भावना लुडबुड करतात, त्या बाजूला ठेवल्या की निर्णय चोख होतो, असे मानणाऱ्यांनी इथे थांबून पाहावे. या परिसराला इजा झालेल्या एका रुग्णाची हकिगत अँटोनिओ डमासिओ यांनी १९९४च्या ‘डेकार्ट्स एरर’ या पुस्तकात दिली आहे. पुढच्या भेटीसाठी दोनपैकी एक तारीख निवडायची होती. त्याने जवळपास अर्धा तास इतर कामे, हवामान, सगळ्याचा तर्कशुद्ध काथ्याकूट केला आणि निर्णय काही केला नाही. शेवटी डॉक्टरांनीच एक तारीख सुचवली, तशी ती त्याने सहज मान्य केली. बुद्धी शाबूत होती, पण कोणताच पर्याय त्याला दुसऱ्याहून हवासा वाटत नव्हता.

उंदरामाकडांवरून माणसाचे सिद्ध होत नाही, हा आक्षेप रास्त आहे. २०१८ साली सॅने द विट आणि सहकाऱ्यांनी माणसांना नुसता जास्त सराव देऊन सवय जडवता येते का हे पाच प्रयोगांत तपासले, आणि पाचही वेळा ते जमले नाही. प्रयोगशाळेतल्या थोड्या दिवसांत माणूस सहजासहजी यंत्रवत होत नाही. पण सवय आधीच जडलेली असेल तर चित्र पालटते. अमेरिकेत डेव्हिड नील, वेंडी वूड आणि सहकाऱ्यांनी २०११ साली चित्रपटगृहात काहींना ताजे आणि काहींना सात दिवसांचे शिळे पॉपकॉर्न दिले. चित्रपट पाहताना पॉपकॉर्न खाण्याची पक्की सवय असलेल्यांनी, शिळे आवडले नाही असे सांगूनही, ताज्याइतकेच खाल्ले. तशीच सवय असलेले लोक साध्या खोलीत बसवले, किंवा त्यांना नेहमीच्या उलट हाताने खायला लावले, की चव पुन्हा निर्णयात उतरली. सवय तीच होती, फक्त जागा किंवा हात बदलला होता. ताणाचेही असेच आहे. लार्स श्वाबे आणि ऑलिव्हर वोल्फ यांनी २००९ साली काहींना, कोणीतरी पाहत असताना, बर्फाच्या पाण्यात हात धरायला लावले. पोटभर खाऊन नकोसा झालेला पदार्थ मिळवण्याची कृती ती माणसे करतच राहिली, ताण नसलेल्यांनी ती कमी केली.

मग सवय हा शत्रूच समजायचा का? तसे नाही. प्रत्येक वेळी पुढची वाट मनात चालून पाहायची तर गाडीचा गिअरही टाकता येणार नाही. सवय म्हणजे कालच्या निर्णयांचा साठा, आणि जग कालसारखेच असते तोवर ती स्वस्तात बरोबर उत्तर देते. घोटाळा होतो तो फळाची किंमत बदलल्यावर.

हा घोटाळा किती खोल जाऊ शकतो हे ओसीडी, म्हणजे मंत्रचळ असलेल्यांच्या एका अभ्यासात दिसते. २०१४ साली क्लेअर गिलन आणि सहकाऱ्यांनी त्यांना आणि निरोगी लोकांना पायाखालचा पेडल दाबून मनगटावरचा सौम्य विजेचा झटका टाळायला शिकवले. भरपूर सरावानंतर एका मनगटाची तार त्यांच्या देखत काढली. आता तिथे झटका बसणे शक्य नव्हते. हे दोन्ही गटांना सारखेच ठाऊक होते, तरी मंत्रचळाच्या रुग्णांचा पाय त्या बाजूच्या पेडलवर अधिक वेळा पडत राहिला, आणि दाबावेसे वाटण्याची ओढही त्यांना अधिक होती. हात स्वच्छ आहेत हे माहीत असून विसाव्यांदा धुणाऱ्याला घरचे समजावतात, रागावतात, पटवून देतात. त्याला जे आधीच पटलेले आहे तेच पुन्हा. या आजारावर जी मानसोपचार पद्धत गुणकारी ठरली आहे ती वादात पडत नाही. ती रुग्णाला भीती वाटते त्या वस्तूला हात लावायला सांगते आणि उपचारकाच्या आधाराने, न धुता, तसेच बसवून ठेवते.