रक्षकालाच व्याधी जडते तेव्हा : घरच्या संगणकावरील अँटिव्हायरसचे निदान व चिकित्सा

दिवसभर रुग्ण तपासून रात्री घरच्या संगणकासमोर बसणे, हा आता आपल्यापैकी अनेकांचा नित्यक्रम झाला आहे. रुग्णपत्रके, औषधालयातील साठा, बॅच क्रमांक, मुदतीच्या तारखा, जीएसटीचे हिशेब हे सारे त्याच यंत्रात असते. आणि त्याच यंत्रावर मुले अभ्यास करतात व खेळतातही. अँटिव्हायरस बसविला की आपण निश्चिंत होतो. परंतु रक्षकच आजारी पडला तर काय करावे? गेल्या पावसाळ्यात हा प्रसंग आमच्यावर ओढवला. त्यात आमच्या हातून जी चूक घडली ती वैद्य म्हणून अधिकच लाजिरवाणी होती. म्हणूनच ती व्यवसायबंधूंपुढे मांडीत आहोत.

आमचा अनुभव

संगणक सुरू करताच कोपऱ्यात लाल खूण व 'संरक्षण बंद आहे' असा संदेश येऊ लागला. अपडेट अर्ध्यावर थांबे. वर्गणी भरून चारच महिने झाले असताना परवाना वैध नसल्याचे दिसे. याच सुमारास बँकेचे संकेतस्थळही उघडेनासे झाले होते. तो दोष आम्ही इंटरनेटच्या माथी मारला. अखेर 'हे सॉफ्टवेअरच कुचकामी' असा निष्कर्ष काढून, पहिला अँटिव्हायरस न काढताच आम्ही दुसरा मोफतचा बसविला.

तिसऱ्या दिवशी संगणक सुरू झाला, पण एकही फाइल उघडेना. तंत्रज्ञाने पाच मिनिटे पाहिले व म्हणाला, "डॉक्टर, फॉरमॅट मारावा लागेल." त्या यंत्रात अकरा वर्षांच्या रुग्णनोंदी होत्या. जुनाट संधिवाताच्या व त्वचाविकारांच्या रुग्णांचे वेळोवेळी बदललेले कल्प, मात्रा, अनुपान, त्यांना आलेला उपशय, हे सारे तेथेच होते. आमची शेवटची बाहेरची प्रत दीड वर्षापूर्वीची होती. आम्ही होकार देणार, तोच सौभाग्यवती म्हणाल्या, "अहो, रुग्णाला न तपासता तुम्ही थेट शोधन देता का?"

आम्ही तंत्रज्ञाकडून एक दिवस मागून घेतला. संगणक सेफ मोडमध्ये सुरू केला. या अवस्थेत विंडोज केवळ अत्यावश्यक भागांनिशी चालते, त्यामुळे फाइली हाती आल्या. प्रथम सर्व नोंदी बाहेरच्या हार्ड डिस्कवर उतरविल्या. नंतर दुसरा अँटिव्हायरस त्याच्याच निर्मात्याने दिलेल्या रिमूव्हल टूलने समूळ काढला. यंत्र पूर्ववत चालू लागले. परंतु मूळची लाल खूण कायम राहिली. तेव्हा कुठे आमचे लक्ष तारखेकडे गेले. संगणक 2019 सालचा जानेवारी महिना दाखवीत होता!

संप्राप्ती

वीज नसतानाही घड्याळ चालावे म्हणून संगणकाच्या मदरबोर्डवर नाण्याएवढा एक सेल असतो. बहुधा तो सीआर 2032 या क्रमांकाचा, 3 व्होल्टचा असतो. आमचा सेल क्षीण झाला होता आणि रात्री आम्ही भिंतीवरील बटण बंद करीत होतो. परिणामी रोज सकाळी घड्याळ मागे जाई. इंटरनेटवरील सुरक्षित संपर्क ज्या प्रमाणपत्रांवर चालतो, त्यांना आरंभ व समाप्ती अशा दोन तारखा असतात. 2019 सालात वावरणाऱ्या संगणकाला आजचे प्रमाणपत्र अजून सुरूच न झालेले दिसते व तो संपर्क नाकारतो. म्हणून अपडेट होईना, परवाना पटेना आणि बँकही उघडेना. बँकेचे न उघडणे हे पूर्वरूप होते. ते आम्ही दुर्लक्षिले.

दुसरी व्याधी मात्र आमचीच निर्मिती होती. अँटिव्हायरस प्रत्येक फाइल उघडताना मध्ये थांबून तिची तपासणी करतो. असे दोन पहारेकरी एकाच दारावर उभे केले की एकाने हात लावलेली फाइल दुसरा तपासू लागतो, दुसऱ्याची पहिला अडवून धरतो, आणि यंत्र गोठते. स्वतंत्रपणे गुणकारी द्रव्ये संयोगाने विरुद्ध व्हावीत तसाच हा प्रकार. विंडोज 10 व 11 मध्ये असलेला डिफेंडर दुसरा अँटिव्हायरस नोंदला गेला की सहसा आपण होऊन बाजूला होतो. अन्य दोन कंपन्यांचे अँटिव्हायरस एकमेकांना अशी वाट करून देतीलच असे नाही.

तपासणीचा क्रम

या अनुभवानंतर आम्ही जो क्रम ठरविला तो असा :

1. सर्वप्रथम रुग्णनोंदी व हिशेब यांची प्रत बाहेर काढावी. यंत्र साध्या रीतीने चालत नसेल तर शिफ्ट कळ दाबून रीस्टार्ट करावे व पुढील पर्यायांतून सेफ मोड निवडावा. काही संगणकांवर बिटलॉकर असल्यास येथे 48 अंकी रिकव्हरी की विचारली जाते. ती आधीच कागदावर लिहून ठेवावी.

2. तारीख, वर्ष व वेळ पाहावी. सेल बदलणे हे अल्प खर्चाचे काम आहे.

3. विंडोज सिक्युरिटीच्या सेटिंग्जमध्ये 'मॅनेज प्रोव्हायडर्स' येथे किती अँटिव्हायरस नोंदले आहेत ते पाहावे. नवीन संगणकासोबत आलेला, मुदत संपलेला एखादा तेथे अनेकदा आढळतो. एकच ठेवावा.

4. काढलेल्या सॉफ्टवेअरचे अवशेष राहिले असल्यास त्याच निर्मात्याचे रिमूव्हल टूल वापरावे.

5. डिस्कवर मोकळी जागा व विंडोजची अपडेट तपासावीत. विंडोज 10 ची नियमित मोफत अपडेट 14 ऑक्टोबर 2025 रोजी थांबली, हेही ध्यानात ठेवावे.

6. इतके करूनही अपडेट होत नसेल, तरच अँटिव्हायरस काढून पुन्हा बसवावा. फॉरमॅट हा शेवटचा उपाय होय.

दोन उपद्रव

औषधविक्रेत्या बंधूंना एक अडचण विशेष येते. स्थानिक तंत्रज्ञाने करून दिलेले बिलिंगचे सॉफ्टवेअर अँटिव्हायरस संशयित ठरवितो व क्वारंटाइनमध्ये, म्हणजे विलगीकरणात टाकतो. अशा वेळी संरक्षणच बंद करण्याचा मोह होतो, तो टाळावा. सॉफ्टवेअर करणाऱ्याकडून खात्री करून केवळ त्या एका फाइलला सूट द्यावी. संपूर्ण डिस्कला सूट देणे म्हणजे दार उघडे टाकून पहारेकरी नेमणे होय.

दुसरा उपद्रव भोंदूंचा. 'आपल्या संगणकात व्हायरस आहे, या क्रमांकावर फोन करा' असा संदेश पडद्यावर अचानक झळकतो. खरा अँटिव्हायरस असा फोन करावयास लावीत नाही. ब्राउझर बंद करावा, संगणकाचा ताबा कोणालाही देऊ नये. पैसे गेलेच असतील तर विलंब न करता 1930 या राष्ट्रीय क्रमांकावर कळवावे.

मोठ्यांचेही हेच

केवळ आपल्यासारख्या लहान चिकित्सालयांवरच असे प्रसंग येतात असे नाही. मे 2017 मध्ये 'वॉनाक्राय' या विषाणूने जगभरातील संगणकांवरील फाइली कुलूपबंद केल्या. इंग्लंडच्या राष्ट्रीय आरोग्य सेवेतील रुग्णांच्या भेटी व शस्त्रक्रिया रद्द कराव्या लागल्या. ज्या त्रुटीतून तो शिरला तिची दुरुस्ती मायक्रोसॉफ्टने त्या वर्षीच्या मार्चमध्येच दिली होती. अनेकांनी ती बसविली नव्हती. याउलट 19 जुलै 2024 रोजी क्राउडस्ट्राइक या कंपनीच्या सुरक्षा सॉफ्टवेअरच्या सदोष अपडेटने मायक्रोसॉफ्टच्या अंदाजानुसार सुमारे 85 लाख संगणक बंद पाडले. त्यांतील असंख्य यंत्रांवर सेफ मोडमध्ये जाऊन एक सदोष फाइल काढणे, हाच उपाय करावा लागला. पहिल्या घटनेत अपडेट न घेणे भोवले, दुसऱ्या घटनेत रक्षकच बाधक ठरला. फाइली कुलूपबंद झाल्यास स्वतंत्र प्रत कामी येते.

पथ्य

म्हणून अँटिव्हायरसपेक्षाही प्रतीवर भिस्त ठेवावी. आमच्या घरी आता दर शनिवारी रात्री नोंदींची प्रत बाहेरच्या डिस्कवर घेतली जाते व लगेच ती डिस्क काढून कपाटात ठेवली जाते. कारण जोडून ठेवलेली डिस्क संगणकाबरोबरच बाधित होते. दुसरी प्रत महिन्यातून एकदा घेऊन ती अन्यत्र ठेवतो. मुलांसाठी संगणकावर वेगळे, मर्यादित अधिकारांचे खाते उघडले आहे.

रुग्ण आपल्याकडे नाडी देतो, त्याबरोबर विश्वासाने आपली माहितीही देतो. ती सांभाळणे हा आपल्या व्यवसायधर्माचाच भाग आहे. आमच्या नोंदी वाचल्या त्या सौभाग्यवतींच्या एका प्रश्नामुळे. तोच प्रश्न प्रत्येक व्यवसायबंधूने तंत्रज्ञाला होकार देण्यापूर्वी स्वतःला विचारावा, एवढीच विनंती. आणि शक्य तर आज रात्रीच एक प्रत काढून ठेवावी.