विषाणूसाठी कामगंध सापळा

आपल्या काटोल भागात पऱ्हाटीच्या वावरात कामगंध सापळा तुम्ही पाहिला असेल. त्यातल्या ल्युरला गुलाबी बोंडअळीच्या मादी पतंगासारखा वास येतो. नर त्या वासामागे येतो अन् सापळ्यात अडकतो. खऱ्या मादीपर्यंत पोहोचतच नाही. विषाणूलाही असंच फसवायचा प्रयत्न शास्त्रज्ञ करत आहेत.

विषाणू स्वतःच्या बळावर वाढत नाही. त्याला आपल्या शरीरातल्या पेशीत शिरावं लागतं. पेशीच्या अंगावर काही प्रथिनं असतात. ती शरीराच्या कामासाठी असतात, पण विषाणू त्यांनाच धरून आत घुसतो. कोरोनाचा विषाणू ‘एसीई-२’ हे प्रथिन धरतो. हेच प्रथिन प्रयोगशाळेत सुटं बनवून शरीरात सोडलं, तर विषाणूचे काटे त्यातच गुंततात. मग पेशी धरायला काटे मोकळे राहत नाहीत.

याचा मोठा फायदा आहे. विषाणू रूप बदलतो, त्यामुळे काही औषधं चालेनाशी होतात. पण त्याने हा सापळा धरणं सोडलं, तर खरी पेशीही त्याच्या हातून सुटते.

मग अडचण काय? सापळ्याची पकड. एचआयव्ही ‘सीडी-४’ हे प्रथिन धरतो. १९८०च्या दशकात सुटं सीडी-४ वापरून पाहिलं. प्रयोगशाळेत वाढवलेला विषाणू अडकला, पण रुग्णांच्या अंगातला फारसा थांबला नाही. २०२० साली अमेरिकेतल्या इलिनॉय विद्यापीठात एरिक प्रोको यांच्या गटाने एसीई-२ मध्ये तीन ठिकाणी बदल करून त्याची पकड पुष्कळ घट्ट केली. तरीही हे काम अजून प्रयोगातच आहे. असं औषध म्हणून कोणी काही विकायला आलं, तर घेऊ नका.

आपल्या नागपूरकडे १९६५ साली सापडलेल्या चांदीपुरा विषाणूवर आज लस नाही, नेमकं औषधही नाही. तो वाळूमाशी चावल्याने पसरतो, पावसाळ्यात लहान मुलांना गाठतो. प्रयोगशाळेतला सापळा येईल तेव्हा येईल. तोवर माशीला घराबाहेरच अडवू या. भिंतींच्या भेगा लिंपा. शेणाचा ढीग घरापासून दूर ठेवा. लेकरांना बारीक जाळीच्या मच्छरदाणीत झोपवा. आणि लेकराला जोराचा ताप येऊन उलट्या किंवा झटके सुरू झाले, तर सकाळ व्हायची वाट पाहू नका. या आजारात एका दिवसातही जीव जातो. लगेच दवाखाना गाठा.