इंग्रजीच्या वाटेवरची ठिकाणे

तीन टप्पे : जुनी इंग्रजी (साधारण इ.स. ११०० पर्यंत), मध्य इंग्रजी (१५०० पर्यंत), त्यानंतर आधुनिक. शेक्सपिअरची इंग्रजी ‘जुनी’ नव्हे, आधुनिकच.

लिंडिसफार्न : नॉर्थम्बरलंडचे बेट. भरतीत रस्ता दिवसातून दोनदा पाण्याखाली जातो. वेळापत्रक पाहूनच निघावे. इ.स. ७०० च्या सुमारास इथे लॅटिन शुभवर्तमानांची देखणी सचित्र पोथी घडली. दहाव्या शतकात ऑल्ड्रेड या धर्मगुरूने तिच्या ओळींमधल्या जागेत, बारीक अक्षरांत, शब्दागणिक जुन्या इंग्रजीतला अर्थ लिहिला. शुभवर्तमानांचा इंग्रजीतला उपलब्ध सर्वांत जुना अनुवाद तो हाच. मूळ पोथी मात्र लंडनच्या ब्रिटिश लायब्ररीत आहे.

यॉर्क : ८६६ मध्ये व्हायकिंगांच्या ताब्यात. ‘स्टोनगेट’, ‘कॉपरगेट’ या नावांतला ‘गेट’ म्हणजे दरवाजा नव्हे. व्हायकिंगांच्या नॉर्स भाषेत ‘गाटा’ म्हणजे रस्ता. ‘स्काय’, ‘एग’ आणि ‘दे’ हे सर्वनामही नॉर्समधूनच आले.

बॅटल, ससेक्स : हेस्टिंग्जची लढाई इथे झाली, १४ ऑक्टोबर १०६६. नॉर्मन जिंकले, दरबारात त्यांची फ्रेंच आली. गोठ्यातली ‘काउ’ इंग्रजीच राहिली. ताटातले ‘बीफ’ फ्रेंच.

वेस्टमिन्स्टर : १४७६, कॅक्स्टनचा छापखाना; इंग्लंडमधला पहिला.

लिचफील्ड : सॅम्युअल जॉन्सनचे जन्मघर, आता संग्रहालय. त्याचा शब्दकोश १७५५ चा.

ऑक्सफर्ड : ऑक्सफर्ड इंग्रजी शब्दकोशाचा पहिला भाग १८८४ मध्ये निघाला, काम १९२८ मध्ये पुरे झाले. इंग्रजी शब्दकोशांतला ‘मंगूस’ हा शब्द मराठी ‘मुंगुसा’वरून गेलेला आहे.