गाठ मेंदूशी, वाट नाकातली

दाराच्या चौकटीला खांदा घासतो, बाजूने येणारी दुचाकी अगदी जवळ आल्यावरच दिसते, चष्म्याचा नंबर बदलला तरी काहीतरी चुकतंयसं वाटतं. समोरचं तर नीट वाचता येतं, मग बिघडलंय काय? पिट्युटरीच्या गाठीचे कित्येक रुग्ण म्हणूनच आधी चष्म्याच्या दुकानात पोचतात. त्यांच्या नजरेच्या फक्त बाहेरच्या कडा गेलेल्या असतात.

दोन्ही डोळ्यांच्या नसा मेंदूच्या तळाशी एकत्र येतात. बाहेरच्या बाजूचं दृश्य नेणारे तंतू तिथे एकमेकांना ओलांडून पलीकडे जातात. या फुलीच्या बरोबर खाली, हाडाच्या खोबणीत, वाटाण्याएवढी पिट्युटरी ग्रंथी असते. तिच्यातली गाठ वर वाढली की फुलीचा मधला भाग चेपतो. ही गाठ बहुधा कर्करोगाची नसते. तिची जागा मात्र वाईट असते.

ती काढायला कवटी उघडून वरून गेलं, तर मेंदू बाजूला सारावा लागतो आणि आधीच ताणलेल्या नसांच्या फटीतून हात चालवावा लागतो. नाकातून वर गेलं, तर गाठ आधी भेटते, नसा शेवटी. सगळी मेख इथेच आहे.

ही वाट नवी नाही. ऑस्ट्रियात इन्सब्रुकच्या हेर्मान श्लोफर यांनी 1907 मध्ये ती पहिल्यांदा वापरली, पण त्यासाठी त्यांना नाकच बाजूला वळवावं लागलं. अमेरिकेत हार्वे कुशिंग वरच्या ओठाखालून जात. पुढे त्यांनीच ही वाट सोडली आणि बहुतेक जग त्यांच्यामागे गेलं. खोल, अरुंद बोगद्यात पुरेसा उजेड नव्हता, हे त्यामागचं एक मोठं कारण. एडिंबरोच्या नॉर्मन डॉट यांनी मात्र ती विद्या जपली. त्यांच्याकडून पॅरिसचे जेरार गियो शिकले, गियोंकडून माँट्रियलचे ज्यूल हार्डी. हार्डींनी 1960च्या दशकात या शस्त्रक्रियेत सूक्ष्मदर्शक आणला. 1990च्या दशकात दुर्बीण आली आणि उजेड थेट गाठीपाशी पोचला.

आता बहुतेक ठिकाणी कान-नाक-घसातज्ज्ञ आणि मेंदूचे सर्जन जोडीने काम करतात. सुमारे 4 मिलिमीटर जाडीची दुर्बीण नाकपुडीतून आत जाते, नाकामागच्या पोकळीतलं पातळ हाड काढलं जातं आणि गाठ आतून पोखरत आणली जाते. आधार गेला की तिचा वरचा पापुद्रा खाली उतरतो आणि नसा मोकळ्या होतात. चेहऱ्यावर व्रण नाही, म्हणून ही शस्त्रक्रिया किरकोळ समजू नये. दोन्ही बाजूंना मेंदूला रक्त नेणाऱ्या मुख्य धमन्या असतात. मेंदूभोवतीचं पाणी नाकातून गळण्याची भीती असते. मोठं भोक बुजवायला नाकाच्या पडद्याचंच अस्तर, त्याच्या रक्तवाहिनीसकट, फिरवून बसवतात. 2006 मध्ये अर्जेंटिनातल्या सर्जनांची ही युक्ती प्रसिद्ध झाली आणि गळतीचं प्रमाण बरंच घटलं.

प्रत्येक गाठीला ही वाट चालत नाही. नसांच्या पलीकडे, बाजूला पसरलेल्या गाठीसाठी भुवईतल्या छोट्या छेदातून किंवा कवटी उघडूनच जावं लागतं. प्रोलॅक्टिन हे हार्मोन बनवणारी गाठ तर बहुतेकदा कॅबर्गोलिनच्या गोळ्यांनीच आकसते. म्हणून रक्तातल्या हार्मोनची तपासणी आधी, सर्जन नंतर.

आणि नजर? काहींना शुद्धीवर आल्या आल्या फरक जाणवतो, काहींना महिने लागतात. डोळ्याच्या पडद्यावरचा तंतूंचा थर ओसीटी तपासणीत फारच पातळ दिसला, तर गाठ पूर्ण निघूनही गेलेल्या कडा बऱ्याचदा परत येत नाहीत.