पुस्तिका लिहायची कशात?
स्वयंसेवक मिळून सॉफ्टवेअरची माहितीपुस्तिका लिहितात, तेव्हा ती पीडीएफमध्ये द्यावी की वेबपानांवर, हा प्रश्न दुय्यम ठरतो. मूळ मजकूर कशात लिहायचा, हा खरा प्रश्न. 'पायथन' या संगणकभाषेची पुस्तिका २००७ पर्यंत 'लेटेक'मध्ये होती. छपाई देखणी, पण एक चूक सुधारायची तरी आधी लेटेक शिकणे आले. साहजिकच चूक दिसूनही अनेकांचा हात आखडे. जॉर्ज ब्रांडल यांनी तो मजकूर साध्या लिखाणासारख्या 'रीस्ट्रक्चर्डटेक्स्ट'मध्ये आणला आणि २००८ मध्ये 'स्फिंक्स' हे साधन खुले केले. एकाच मजकुरातून वेबपाने, पीडीएफ, ई-पुस्तक सारे तयार होते. 'डॉकबुक'च्या खुणांच्या जंजाळाला कंटाळलेल्या लिनक्स कर्नलच्या मंडळींनीही २०१६ मध्ये हीच वाट धरली. तक्ते आखताना मात्र ही सोपी पद्धतही लेखकाला घाम फोडते.