ध्रुवावरील बर्फाची मोजदाद

आपल्या भंडारा जिल्ह्यातील एखाद्या मामा तलावात कमळाची पाने पसरली असतील, तर त्यांनी किती पाणी झाकले हे कसे सांगाल? तलावावर चौकटी कल्पून प्रत्येकीतील पाने पाहावी लागतील. ध्रुवीय समुद्रातील बर्फ उपग्रहाद्वारे असाच मोजतात. बर्फातून निघणाऱ्या सूक्ष्मलहरी खुल्या पाण्यापेक्षा तीव्र असतात. त्या टिपायला ना उजेड लागतो, ना निरभ्र आकाश. त्यामुळेच १९७९ पासूनची सलग नोंद हाती आहे.

चौकट साधारण २५ किलोमीटर लांबीरुंदीची. तीत किमान १५ टक्के बर्फ असेल, तर ‘विस्तार’ काढताना ती पूर्ण, म्हणजे ६२५ चौरस किलोमीटर धरतात. ‘क्षेत्रफळा’त मात्र टक्केवारीपुरतेच मोजतात, २० टक्के असल्यास १२५. एकाच दिवसाचे हे दोन आकडे पाहून कोणी शास्त्रज्ञांना खोटे ठरवतो, ते व्याख्या न पाहिल्यामुळे! उन्हाळ्यात बर्फावर वितळलेल्या पाण्याची डबकी साचतात, ती उपग्रहाला खुला समुद्रच भासतात. म्हणून तेव्हा क्षेत्रफळ कमी भरते. विस्तार अधिक भरवशाचा.

सप्टेंबर २०१२ मध्ये आर्क्टिकचा विस्तार सुमारे ३४ लाख चौरस किलोमीटरपर्यंत घसरला. म्हणजे जेमतेम अकरा महाराष्ट्रांएवढा.