लागरची जंगली बाजू

लागरमध्ये लवंगेचा वास आला की ब्रूअरीतला माणूस आधी टाकी तपासतो. परकं यीस्ट शिरलं, असाच त्याचा अर्थ घेतात. हायनेकेनने २०१६ मध्ये विकायला काढलेल्या 'एच ४१' या लागरमध्ये मात्र ही लवंग मुद्दाम राखलेली आहे.

ग्लासात ही बिअर एरवीच्या लागरसारखीच सोनेरी दिसते. नाकाशी नेली की लवंग, मागून मिऱ्याची झाक आणि पुसटसा फळाचा वास. घोट घेतल्यावर फरक जास्त कळतो. एरवीची लागर जिभेवरून चटकन उतरते. ही रेंगाळते, भरीव लागते.

हा सगळा प्रताप सॅकरोमायसिस युबायानस या यीस्टचा. अर्जेंटिनात पॅटागोनियाच्या बारिलोचे भागात, ४१ अंश दक्षिण अक्षांशाच्या आसपास (नावातले ४१ तिथलेच), नोथोफॅगस वृक्षांची थंड जंगलं आहेत. या झाडांवर सिट्टारिया नावाची बुरशी फांद्यांना गाठी आणते आणि त्यावर केशरी, गोल, छिद्रंछिद्रं असलेली फळं धरल्यासारखी दिसतात. स्थानिक लोक त्यांना 'शाओ शाओ' म्हणतात. त्यात साखर असते. ही फळं खाली पडली की थंडीतही आपोआप आंबतात, आणि हे काम करणारं यीस्ट संशोधक दिएगो लिबकिंड आणि सहकाऱ्यांनी २०११ मध्ये जगापुढे मांडलं.

खळबळ उडाली ती जनुकांमुळे. लागरचं यीस्ट संकरित आहे, हे माहीत होतं. एक पालक एल बिअरचं यीस्ट, दुसऱ्याचा पत्ता नव्हता. युबायानसचा जनुकसंच त्या हरवलेल्या अर्ध्याशी सुमारे ९९.५ टक्के जुळला. थंडीत काम करण्याचा गुण लागरला याच पालकाकडून आला. बव्हेरियात १५५३ च्या फर्मानाने २३ एप्रिल ते २९ सप्टेंबर बिअर बनवायलाच बंदी होती. थंडीत टिकणाऱ्या या संकराला याहून सोयीचा कायदा कुठला मिळणार!

आता पॅटागोनियातलं यीस्ट बव्हेरियात पोचलं कसं? बहुधा पोचलंच नाही. २०१४ मध्ये तिबेटात सापडलेले वाण लागरच्या आणखी जवळचे निघाले, आणि २०२२ मध्ये तर हे यीस्ट डब्लिनच्या एका विद्यापीठाच्या आवारातल्या मातीत आढळल्याचं प्रसिद्ध झालं.

पण पालकाला सगळं जमत नाही. माल्टच्या रसातली माल्टोज हे यीस्ट खातं, पण माल्टोट्रायोज ही तिहेरी साखर या जंगली वाणाला पचत नाही. ती बिअरमध्ये उरते. तो भरीवपणा बऱ्याच अंशी तिचाच. लवंगेचा वास वेगळ्या कारणाने येतो. जवातल्या फेरुलिक आम्लाचं हे यीस्ट ४-व्हिनाइल ग्वायकॉल नावाच्या द्रव्यात रूपांतर करतं. लागरच्या यीस्टला ही कला उरलेली नाही, म्हणूनच त्याची बिअर इतकी स्वच्छ लागते. त्यातच १८८३ मध्ये कोपनहेगनच्या कार्ल्सबर्ग प्रयोगशाळेत एमिल हान्सेनने एकाच पेशीपासून शुद्ध यीस्ट वाढवलं आणि पुढे जगभर त्याच चवीची री ओढली गेली.

या बिअरला लावल्या जाणाऱ्या 'जंगली' या शब्दावर मात्र माझी हरकत आहे. गोव्याची फेणी ज्या काजूच्या रसातून होते, तो झाडाच्या फळावरच्या आणि हवेतल्या यीस्टने आपला आपण आंबतो. आपली माडीही तशीच. बेल्जियमची लँबिक तर रात्रभर उघड्या हौदात थंड करतात, जो जंतू पडेल तो पाहुणा. 'एच ४१'मध्ये मात्र एक वाण निवडून, शुद्ध वाढवून, बंद टाकीत सोडलाय. जन्माने रानातला, पण शाळा शिकलेला. म्हणून तिच्यात लँबिकचा आंबटपणा नाही की तबेल्याचा वास नाही. धाडसी बिअर शोधणाऱ्याची निराशाच होईल.

तरी चाखण्यासारखी आहे, पण शेजारी साधी लागर ठेवून. आणि बर्फगार नको. फार थंड केली की लवंग दबते आणि दोन ग्लासांतला निम्मा फरक तिथेच संपतो.